पुराची रेघ आणि सागवानी कपाट

१/ १२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचे, बांधकाम पूर्ण होत आलेले पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले. त्या लोंढ्यापुढे मुठेवरचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. या दुर्घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्याचा विषय त्याहून फार लहान आहे: त्या पाण्यात उभे राहिलेले एक सागवानी कपाट, अनेक वर्षांनी झालेली त्याची दुरुस्ती आणि त्या दुरुस्तीमुळे एका घरात उभा राहिलेला पेच.

२/ कपाट नारायण पेठेतील एका वाड्याच्या माजघरात होते. उंची सहा फुटांच्या आसपास, दोन दारे, आत चार फळ्या, तळाशी दोन खण. वरच्या फळ्यांवर पोथ्या आणि लग्नकार्यातली वस्त्रे असत. खालच्या फळ्यांवर जमाखर्चाच्या वह्या आणि मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले होते. जड वस्तू खाली आणि सोवळ्यातल्या वर, ही मांडणी त्या काळच्या कोणत्याही घरातली. पुढे जे घडले ते या साध्या मांडणीमुळे घडले.

३/ पुरात वाड्याची मागची भिंत पडली. शहरातील हजारो कुटुंबांप्रमाणे या कुटुंबानेही पेठ सोडली. गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत तेव्हा पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहत होत्या. अशाच एका वसाहतीतल्या दोन खोल्यांत संसार नव्याने मांडला गेला. सहा फुटी कपाटाला तिथे जागा नव्हती. ते मागच्या अंगणात, पत्र्याच्या पडवीखाली गेले. घरात पोलादी कपाट आले. गोदरेजने १९२३ पासून बनवायला घेतलेली ही कपाटे एव्हाना मध्यमवर्गीय घरांत रुळली होती. त्यांना वाळवी लागत नव्हती आणि पाण्याने ती फुगतही नव्हती.

४/ पडवीत कपाटाने साठ पावसाळे काढले. तिरक्या पावसाने उजवी बाजू राखाडी पडली. दारे वाकली, एक बिजागरी गंजून तुटली. पाय वाळवीने पोकळ केले. आत रंगाचे डबे, कुंड्या, तुटलेल्या छत्र्या साठत गेल्या. घराचा पुनर्विकास ठरला तेव्हा भंगारवाल्याने त्याची जळणाच्या भावाने किंमत केली. इतिहासाचे शिक्षण घेणाऱ्या नातीने ते द्यायचे नाही असे ठरवले आणि आजीकडून त्याची कहाणी विचारायला सुरुवात केली.

५/ घरातील समजुतीप्रमाणे कपाट ‘पेशवेकालीन’ होते. पुण्यातील बहुतेक जुन्या वस्तूंना हे विशेषण आपोआप चिकटते. नातीने पहिला प्रश्न तोच घेतला: याचा पुरावा काय? लाकडी वस्तूवर सहसा तारीख नसते. पण ती जोडताना वापरलेली हत्यारे आणि लोखंड आपल्या खुणा मागे ठेवतात. त्या वाचता आल्या की वस्तूचे वय बऱ्याच अंशी निश्चित करता येते.

६/ पहिली शंका कपाटाच्या रूपानेच उपस्थित केली. जुन्या मराठी घरात सामान ठेवायला भिंतीतले फडताळ, कोनाडा, पेटी, पेटारा, संदूक ही साधने मुख्य होती. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. बद्रीनाथाचे कपाट उघडले असे हिंदीत म्हणतात ते याच अर्थाने. दारे असलेल्या साठवणीच्या जागेला मराठीत हाच शब्द मिळाला. ‘बिजागरी’ आणि ‘चावी’ हे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. भिंतीपासून सुटे, पायांवर उभे राहणारे उंच कपाट घरोघरी रुळले ते युरोपीय सामानाच्या सहवासात.

७/ दुसरा पुरावा स्क्रूंचा. हाताने घडवलेल्या जुन्या स्क्रूंचे टोक बोथट असते. आधी भोक पाडून त्यात ते फिरवावे लागत. यंत्राने बनवलेले टोकदार स्क्रू १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बाजारात आले. या कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू टोकदार निघाले. दुरुस्तीत जुने स्क्रू बदलले असण्याची शक्यता होती. म्हणून बिजागऱ्यांखाली बुजवलेली जुनी भोके शोधली गेली. ती नव्हती. म्हणजे हे स्क्रू मूळचेच.

८/ मागच्या फळ्यांना तारेपासून बनवलेले गोल खिळे होते. ते १९व्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त आणि सर्रास झाले. फळ्यांच्या न रंधलेल्या पाठीवर गोल करवतीच्या कमानदार खुणा होत्या. दोन माणसांनी वर-खाली उभे राहून ओढलेल्या आऱ्याच्या खुणा सरळ आणि थोड्या अनियमित असतात. सगळे पुरावे एकाच दिशेला जात होते. कपाट १९व्या शतकाच्या अखेरचे किंवा २०व्या शतकाच्या आरंभीचे. पेशवाई १८१८ साली संपली होती.

९/ घराच्या दंतकथेतून जवळजवळ शंभर वर्षे वजा झाली. नातीला वाटले आजी खट्टू होईल. आजी म्हणाली, “म्हणजे ह्यांच्या आजोबांनी करून घेतलं असणार. मग तेच बरं की. पेशव्यांना कोणी पाहिलंय?” वस्तू जितकी जुनी तितकी मोलाची, हे गणित बाजाराचे आहे. घरातल्या माणसांचे गणित वेगळे असू शकते, ही त्या नातीला मिळालेली पहिली सूचना होती. तिचे महत्त्व तिला पुढे कळले.

१०/ लाकूड मात्र उत्तम होते. सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यामुळे पाणी आणि वाळवी दोघांनाही ते दाद देत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान तोडायचे तर हुजूरच्या परवानगीने, असा दंडक सांगितला आहे. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

११/ मग सागवान राखाडी का पडते? लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लिग्निन मोडतात. मोडलेले लिग्निन पाऊस धुऊन नेतो आणि फिकट राखाडी तंतू पृष्ठभागावर उरतात. ही क्रिया वरच्या पातळ थरापुरतीच चालते. उघड्यावरच्या लाकडाचीही अशी झीज शतकभरात काही मिलिमीटरच होते. पृष्ठभाग पाहून लाकूड मेले असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते.

१२/ कपाट पाहायला आलेल्या वयस्क मिस्त्रींनी बोटांच्या पेरांनी प्रत्येक फळी वाजवून पाहिली. भरीव आवाज आला तिथे मान हलवली. पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारली. मग म्हणाले, “ताई, पाय गेलेत. बाकी सगळं जिवंत आहे. मशीन लावतो, दोन दिवसांत सोन्यासारखं करून देतो.” मशीन म्हणजे घासण्याचे विजेवरचे यंत्र. वरचा राखाडी थर तासाभरात निघाला असता आणि खालचा पिवळसर तांबूस रंग वर आला असता. नातीने नको म्हटले. कारण विचारल्यावर तिला ते चटकन सांगता आले नाही.

१३/ हे कारण युरोपात १९व्या शतकात मोठ्या भांडणातून स्पष्ट झाले. व्हियोले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुकाराच्या मते जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला परिपूर्ण रूप देणे, मग ते रूप पूर्वी कधी अस्तित्वात नसले तरी चालेल. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ साली याच्या उलट भूमिका घेतली: जे गेले ते परत आणता येत नाही आणि आणल्याचा आव म्हणजे खोटेपणा. पुढे विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

१४/ त्या संस्थेचे टोपणनाव होते ‘अँटी-स्क्रेप’, अर्थात खरवडण्याला विरोध. जुन्या चर्चच्या भिंतींवरचे गिलावे खरवडून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याची तेव्हा लाट होती. खरवडल्यावर भिंत स्वच्छ दिसे, पण तिच्यावरचे शतकांचे थर कायमचे जात. घासण्याचे यंत्र लाकडावर हेच करते. सुताराच्या रंध्याच्या मूळ खुणा, हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेल्या कडा, कडीने झिजवलेला अर्धगोल असे सारे भुश्शाबरोबर उडून जाते.

१५/ १९६४ च्या व्हेनिस सनदेत या वादातून निघालेली तीन सूत्रे आढळतात. वास्तूत वेगवेगळ्या काळांत पडलेल्या योग्य भरींचा मान राखावा. हरवलेल्या भागाच्या जागी नवीन घातले तर ते एकूण रूपात सामावावे, पण मूळ भागापासून वेगळे ओळखू यावे. आणि अंदाज बांधायची वेळ आली की जीर्णोद्धार थांबवावा. सनद स्मारकांसाठी लिहिली गेली. तिची शिस्त एका घरगुती कपाटालाही लावता येते. नातीने मिस्त्रींना हे आपल्या शब्दांत सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे कमी काम आणि जास्त वेळ. करू की.”

१६/ काम छायाचित्रांपासून सुरू झाले. प्रत्येक भागावर चिठ्ठी लावून क्रमांक दिला आणि मगच कपाट सुटे केले. ते सोडवणे सोपे गेले. खणांचे सांधे सरसाने जोडलेले होते. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला हा डिंक उष्णतेने आणि ओलाव्याने सैल होतो. पुराने ते सांधे १९६१ सालीच सोडवले होते. मुख्य चौकट मात्र एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवून, वरून लाकडी खुंटी ठोकून केलेली होती. ती जागची हलली नव्हती.

१७/ दारांची रचनाही पाहण्यासारखी होती. लाकूड ओलाव्याने तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून जुने सुतार रुंद फळी चौकटीच्या खाचेत न चिकटवता मोकळी ठेवत. पावसाळ्यात ती पसरे, उन्हाळ्यात आकसे, आणि चौकट सुरक्षित राही. या कपाटाचे डावे दार नीट उरले होते. उजव्या दाराची फळी कोणीतरी नंतर खिळे मारून पक्की केली होती. ती तिथेच चिरली होती.

१८/ खणांखालच्या सांध्यांत मऊ, करडा गाळ सापडला. पडवीतली धूळ वेगळी होती. ती वर होती, सुटी होती. हा गाळ खाचांत घट्ट बसला होता, पाण्याने आत नेल्यासारखा. ब्रशने तो काढून एका बरणीत ठेवला गेला. मिस्त्रींना त्यात रस नव्हता. आजीने बरणी हातात घेतली, थोडी तिरकी केली आणि काही न बोलता खाली ठेवली.

१९/ पोकळ पाय कापून तिथे जुन्या वाड्याच्या तुळईतले सागवान बसवले. नवे लाकूड अजून आकसत राहते. जुने बरेचसे स्थिर झालेले असते. जोड मुद्दाम दिसेल असा ठेवला आणि आतल्या बाजूला दुरुस्तीचे वर्ष पेन्सिलीने लिहिले. पन्नास वर्षांनी कोणी या कपाटाचा अभ्यास केला तर नव्या पायांवरून त्याची फसगत होऊ नये, एवढाच हेतू. सांधे पुन्हा सरसानेच जोडले. पुढे कोणाला उघडावे लागले तर लाकूड न फोडता उघडता यावे म्हणून.

२०/ राखाडी पृष्ठभाग सौम्य साबण आणि मऊ ब्रशने, एका कोपऱ्यात चाचणी घेऊन, हळूहळू धुतला. वाळल्यावर जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावले. (अशा तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत.) आतल्या बाजूला जुनी लाख उरली होती. लाखेच्या किड्यापासून मिळणारे हे द्रव्य, महाभारतातील लाक्षागृहाचे आणि जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचेही. ती स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून नवा पातळ हात जुन्या थरात एकजीव होतो.

२१/ धूळ आणि काजळी निघाली तेव्हा दारांच्या आत, बाजूंच्या फळ्यांवर आणि पाठीवर एक रेघ स्पष्ट झाली. तळापासून साडेतीन फुटांवर, एका सरळ पातळीत, चारही बाजूंनी. बाहेरच्या अंगाला ती पावसाने पुसट केली होती. आत ती कालच उमटल्यासारखी होती. खाली लाखेचा थर पांढुरका पडलेला, खिळ्यांभोवती निळसर काळे डाग. लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिन एकत्र आले की असे डाग पडतात. रेघेच्या वर लाकूड जवळजवळ जसेच्या तसे.

२२/ अशी रेघ पाण्याच्या कडेवर उमटते. पाणी लाकडातून वर चढते, कडेला वाळते आणि सोबत आणलेला गाळ व विरघळलेले रंगद्रव्य तिथेच सोडते. त्यामुळे ती प्रत्यक्ष पातळीपेक्षा थोडी वर असते. पुराची उंची तिच्यावरून ठरवताना हे ध्यानात घ्यावे लागते. रिकामे सागवान पाण्यावर तरंगते. भरलेले कपाटही उचलले जाऊन आडवे झाले असते. हे कपाट लोखंडी पट्टीने भिंतीला जखडलेले होते, म्हणून रेघ सरळ आली. नातीला याहून चांगला पुरावा अपेक्षित नव्हता. तिने मिस्त्रींना सांगितले, “काका, या रेघेला हात लावायचा नाही.”

२३/ आजीने ते ऐकले आणि त्या संध्याकाळी प्रथमच विरोध केला. “ती रेघ काढून टाका. बाकी काय ठेवायचं ते ठेवा.” नातीने समजावण्याचा प्रयत्न केला: आजी, हा पुराचा पुरावा आहे, असे कुठे बघायलाही मिळत नाही. आजी म्हणाली, “तुला बघायला मिळत नाही म्हणून तुला हवी. मी बघितलंय. मला रोज दार उघडल्यावर परत कशाला दाखवतेस?” यावर व्हेनिस सनदेत उत्तर नव्हते.

२४/ पूर ओसरल्यावर या कपाटाचे दार उघडण्यासाठी फोडावे लागले होते, इतके ते फुगले होते. वरच्या पोथ्या कोरड्या होत्या. खालचे मोडी रुमाल चिखलाचे गोळे झाले होते. आजीचे सासरे ते कागद वेगळे करत बसले. जुलै महिना, ऊन नव्हते, हवेत ओल होती. हाताचा कागद एकमेकांना चिकटला, काजळीची शाई पसरली, आठवड्यात बुरशी आली. शेवटी ते सगळे बंबात गेले. तेव्हा तेवीस वर्षांच्या असलेल्या आजीने स्वतः ते बंबात घातले होते. हे तिने घरात कोणाला सांगितले नव्हते.

२५/ आज अशा वेळी काय करतात? भिजलेले कागद लगेच सोडवत बसत नाहीत. ते गोठवतात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि पुढे सवडीने, योग्य पद्धतीने ते वाळवता येतात. १९६१ च्या पुण्यात, वीज आणि पिण्याचे पाणी बंद असलेल्या घरात, यातले काही शक्य नव्हते. कोणाच्या हातून चूक झाली असे म्हणता येत नाही. आजी मात्र साठ वर्षे तसे मानत आली होती.

२६/ त्या रेघेने एका घराच्या इतिहासाचे दोन भाग केले. वरचे उरले: पोथ्या, शालू, व्रतवैकल्ये. खालचे गेले: जमिनी, कर्जे, देणीघेणी, भाऊबंदकी. आज त्या घराला आपले पूर्वज भाविक होते एवढेच माहीत आहे. ते हिशेबी होते का, कोणाशी भांडले, कोणाला कर्ज दिले, हे सांगणारे कागद साडेतीन फुटांच्या खाली होते. दप्तरखान्यांच्या बाबतीतही अनेकदा असेच होते. जे उरले ते महत्त्वाचे होते म्हणून उरले, असे समजण्याआधी ते कोणत्या फळीवर होते हे विचारावे.

२७/ असाच पेच इटलीतील फ्लॉरेन्सने मोठ्या प्रमाणावर अनुभवला. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर सांता क्रोचे चर्चच्या परिसरात शिरला. चिमाबुए या १३व्या शतकातील चित्रकाराने लाकडावर रंगवलेल्या भव्य क्रूसाचा सुमारे ६० टक्के रंग वाहून गेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी गेलेले चित्र अंदाजाने पुन्हा काढले नाही. रिकाम्या जागी बारीक रंगरेषा भरल्या. दुरून त्या मूळ रंगाशी मिळतात. जवळ गेल्यावर इथे काहीतरी नाहीसे झाले आहे हे कळते.

२८/ त्याच पुरात वसारीचे १५४६ सालचे ‘अखेरचे भोजन’ हे पाच लाकडी फळ्यांवरचे चित्र तासन्‌तास पाण्याखाली होते. भिजून फुगलेले लाकूड वाळताना आकसले आणि रंग सुटू लागला. त्या वेळी दुरुस्तीचा सुरक्षित मार्ग नव्हता. चित्र अनेक दशके जपून ठेवले गेले आणि पुराच्या पन्नासाव्या वर्षी, २०१६ मध्ये, सांता क्रोचेत परतले. घाई न करणे हाही जीर्णोद्धाराचा भाग असतो. नातीने आजीला ही दोन्ही चित्रे दाखवली. आजीने नीट पाहिली. मग म्हणाली, “हे देवळात आहे. कपाट माझ्या खोलीत येणार आहे.”

२९/ हा फरक खरा होता. संग्रहालयातील वस्तू पाहणाऱ्यांसाठी असते. घरातील वस्तू वापरणाऱ्यांसाठी असते आणि जखमेची खूण जपायची की नाही यावर जखम झालेल्याचा पहिला हक्क असतो. इतिहासाची आवड असणाऱ्याला जुना डाग मोहक वाटतो. त्या डागाची किंमत दुसऱ्या कोणी मोजलेली असते. दुसऱ्या बाजूला, एकदा पुसलेला पुरावा परत मिळत नाही. दोन्ही बाजू बरोबर असल्यामुळे आठवडाभर काम थांबले.

३०/ शेवटी ठरले ते असे. रेघेची उंची सर्व बाजूंनी मोजली, छायाचित्रे घेतली. दार उघडताच डोळ्यांसमोर येणारी दारांची आतली बाजू स्वच्छ करायची. पाठीची फळी आणि आतल्या बाजू तशाच ठेवायच्या. सामान लावल्यावर तिथली रेघ झाकली जाते. मिस्त्रींनी दारांवरचे लोखंडाचे डाग सौम्य ऑक्झॅलिक आम्लाने फिकट केले, गाळाची कड धुतली, वर लाखेचा हात दिला. दारांवरचा पुरावा कायमचा गेला. नातीला ते लागले आणि तिने ते मान्य केले.

३१/ दारे स्वच्छ झाल्यानंतरच्या काही दुपारी आजी बोलू लागली. रुमाल किती होते, कोणत्या रंगाच्या कापडात होते, सासरे कोणता रुमाल कोणत्या कामाला सोडत, एका वहीच्या पुठ्ठ्यावर कोणत्या गावाचे नाव होते. नातीने तारखेसह सगळे लिहून घेतले. त्याने मोडी कागद परत येत नाहीत. तरी रेघेच्या खाली काय होते याची एक यादी आता त्या घरात आहे. ती यादी रेघ जशीच्या तशी ठेवून मिळाली असती का, हे सांगता येत नाही.

३२/ जुन्या घरात असे कपाट, पेटी किंवा दार असेल तर घासण्याचे यंत्र लावण्याआधी एवढे करता येते: स्क्रूंची टोके पाहावीत, फळीची न रंधलेली पाठ पाहावी, कडांवरची झीज पाहावी, डागांची उंची मोजावी, छायाचित्रे घ्यावीत. आणि ती वस्तू ज्यांनी वापरली त्यांना तिच्याबद्दल विचारावे, तेही त्यांच्या सवडीने. लाकूड थांबू शकते. माणसे तितकी थांबत नाहीत.

३३/ कपाट आता आजीच्या खोलीत आहे. भिंतीला ते पुन्हा लोखंडी पट्टीने जखडले आहे. वरच्या फळ्यांवर पोथ्या, नातीची पुस्तके आणि ती यादी. मधल्या फळीवर साड्या, त्यांच्यामागे गाळाची बरणी. सर्वांत खाली पितळेची भांडी. तिथे आजीने कागदाचा एक कपटाही ठेवू दिलेला नाही.